पाणी कुठलं उपसायचं? तरंगती गोदी आणि चिनी जहाजबांधणी

तरंगत्या गोदीची रचना पाहायला साधी आहे. खाली पॉन्टून, म्हणजे रुंद, पोकळ, तरंगणारा तळ, आणि त्याच्या दोन्ही कडांवर उभ्या, पोकळ भिंती. टाक्यांत पाणी घेतलं की गोदी बुडते, जहाज आत येतं, पाणी उपसलं की जहाजासकट वर येते. खरी परीक्षा कोणत्या टाकीतलं पाणी किती आणि केव्हा काढायचं, याची.

समजा, २०,००० टनांचं जहाज आहे आणि त्याच्या तळाखाली, ते ज्यांवर टेकतं त्या ठोकळ्यांची २०० मीटर लांब रांग आहे. सरासरी भार झाला मीटरला १०० टन. पण जहाजाचा गुरुत्वमध्य रांगेच्या मध्यापासून फक्त ५ मीटर मागे असला, तर मागच्या टोकाला ११५ टन आणि पुढच्या टोकाला ८५ टन येतात. उपसाही त्याच प्रमाणात हवा. गोदी ३०० मीटरची असेल, तर दोन्ही टोकांच्या ५०-५० मीटरवर जहाजच नाही. तिथल्या टाक्या रिकाम्या केल्या तर टोकं वर उचलली जातात, मध्य खचतो आणि पोलाद वाकतं. म्हणून तिथलं पाणी मुद्दाम राखतात आणि गोदीचा वाक सतत मोजतात.

सगळ्यात नाजूक क्षण मधला. जहाजाचा तळ पाण्याबाहेर आलेला, पण पॉन्टूनचा डेक अजून पाण्याखाली. जहाजाला पाण्याचा आधार उरलेला नसतो, पृष्ठभागावर असतात त्या फक्त दोन भिंती. अर्धवट भरलेल्या टाक्यांतलं पाणी कलत्या बाजूला धावतं. इथलं संतुलन आधी कागदावर तपासलेलंच हवं.

वीजपुरवठ्याचंही तसंच. ३० ऑक्टोबर २०१८ला रशियात मुर्मान्स्कजवळ रोस्ल्याकोवोत 'ॲडमिरल कुझनेत्सोव्ह' ही विमानवाहू नौका बाहेर काढताना वीजपुरवठा कोलमडला आणि स्वीडनमध्ये बांधलेली, ८०,००० टन उचलणारी 'पीडी-५०' गोदी बुडाली. तिची क्रेन नौकेच्या डेकवर कोसळली. पंपांना आणि झडपांना किनाऱ्यापासून स्वतंत्र वीज हवीच, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

आता चीन. १९८२मध्ये दालियन या चिनी बंदरातल्या जहाजबांधणी कारखान्याने हाँगकाँगच्या मालकासाठी बांधलेलं २७,००० टनी 'ग्रेट वॉल' हे मालवाहू जहाज सुपूर्द केलं. १९९९मध्ये जगातल्या जहाजबांधणीत चीनचा वाटा ५ टक्क्यांहून कमी होता. २०२४मध्ये पूर्ण झालेल्या जहाजांत, डेडवेट टनांत (जहाज किती वजन वाहू शकतं त्यावर) मोजलं तर, तो ५५.७ टक्के झाला. अशा वेगात जमिनीत खोदलेली, पाणी काढून कोरडी करायची गोदी एकाच जहाजाच्या बांधणीत अडकून पडणं परवडत नाही. जहाज जमिनीवर बांधून तरंगत्या गोदीवर सरकवलं, की ती अडचण टळते.

मात्र गोदीचा डेक धक्क्याच्या पातळीला आणून रूळ जोडावे लागतात. जहाजाचा एकेक मीटर गोदीवर चढतो तसं ते टोक दबतं, म्हणून तिथलं पाणी त्याच वेळी काढायचं. भरती-ओहोटीही सांभाळायची. चूक झाली तर रुळांत पायरी पडते आणि हायड्रॉलिक ट्रॉल्यांवरचा भार असमान होतो.

मग गोदी खोल खड्ड्यावर नेऊन बुडवतात. जहाजाचं बूड ४ मीटर पाण्यात, ठोकळे दीड, मोकळी जागा अर्धा, पॉन्टून ६ आणि खाली १ मीटर: एकूण १३ मीटर खोली लागते. चीनमधल्या यांगत्सेच्या मुखाशी नदी गाळ आणतेच, त्यामुळे खड्डा भरत राहतो. खोली मोजून गाळ काढत राहावं लागतं. नाहीतर बुडताना गोदी उंचवट्यावर टेकते आणि पॉन्टूनच्या तळाचा पत्रा आत दबतो.