कान आपोआप तीक्ष्ण होत नाहीत

अंध व्यक्तींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘देवानं डोळे नेले, पण कान किती तीक्ष्ण दिले बघा!’ बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. तरीही या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. कान आपोआप तीक्ष्ण होत असतील, तर शिकवायची गरजच उरत नाही. मग कुणी वर्षानुवर्षं घरात बसून राहिलं, तर ‘त्याला नाही जमलं’ म्हणून आपण मोकळे होतो.

समोरची भिंत काही अंध व्यक्तींना हात न लावता कळते. ती चेहऱ्याच्या त्वचेला जाणवते, अशी पूर्वी समजूत होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासून पाहिली आणि १९४४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चेहरा झाकला तरी माणसं भिंतीआधी थांबत होती. कान बंद केले की मात्र थेट धडकत होती. पावलांचा आवाज भिंतीवरून परत येत होता आणि काम करत होते ते कान. त्या प्रयोगात डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस माणसंही होती, आणि सरावानं त्यांनाही हे जमू लागलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२१ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या गटानं दहा आठवडे जिभेनं टिचकी वाजवून प्रतिध्वनी ऐकायचं प्रशिक्षण दिलं. अंध आणि डोळस दोघंही शिकले, आणि वय आड आलं नाही; सहभागींमध्ये एकविशीतले होते तसे सत्तरी ओलांडलेलेही होते. तेव्हा ‘आता या वयात काय शिकणार’ असं कृपा करून म्हणू नका.

आता काठीकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात लांब, हलकी काठी आणि ती वापरायची पद्धत बसवली. काठीचा पांढरा रंग इतरांना दिसावा म्हणून असतो, लांबी मात्र वापरणाऱ्याच्या कामाची. साधारणपणे ती छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचावी. मूठ पोटासमोर, शरीराच्या मध्यावर धरायची आणि काठी फक्त मनगटातून फिरवायची, खांद्यांपेक्षा किंचित रुंद. डावं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक उजवीकडे टेकलं पाहिजे, म्हणजे पुढचं उजवं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून झालेली असते. हा ताल बसायला वेळ लागतो. सुरुवातीला हात आणि पाय एकाच बाजूला जातात, मनगटाऐवजी अख्खा दंड हलू लागतो, टोक मध्येच अडकून मूठ पोटात रुतते. एकदा ताल बसला की पायरी किंवा खड्डा आला, तर टोक जिथे टेकायला हवं तिथे टेकत नाही, आणि पाय जागीच थांबतो. इशारा मिळतो तो एका पावलाचा. तेवढा पुरतो, पण त्याहून जास्त नाही. म्हणून बेतानं चालणं हाही प्रशिक्षणाचाच भाग. डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी मात्र काठीला कळत नाही. तिथे चेहऱ्यासमोर आडवा हात धरायला शिकवतात.

रस्ता ओलांडण्याचा धडा सर्वात अवघड आणि माझ्या मते सर्वात सुंदर. समोरून आडवी जाणारी वाहनं थांबली आणि बाजूनं समांतर जाणारी वाहनं सुटली, हे ऐकायचं. त्या समांतर आवाजाला धरून आपली दिशा सरळ ठेवायची. पाऊस, जोराचा वारा, शेजारी चालू असलेलं खोदकाम, यांत हा नकाशाच पुसला जातो. इलेक्ट्रिक गाड्यांनी नवी अडचण आणली. कमी वेगात त्या जवळजवळ ऐकूच येत नाहीत. युरोपीय संघानं जुलै २०१९पासून अशा गाड्यांच्या नव्या मॉडेलना ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात इशाऱ्याचा आवाज सक्तीचा केला, तो याचसाठी.

या सगळ्यात प्रशिक्षक काय करतो? बराच वेळ गप्प राहतो, काही पावलं मागे. विद्यार्थी चुकीच्या गल्लीत वळला आणि जिवाला धोका नसेल, तर त्याला तसंच जाऊ देतो. ‘उजवीकडे वळ’ हे दोन शब्द सांगितले की तो घरी पोचेल, पण उद्या पुन्हा कुणीतरी हे दोन शब्द सांगायला लागेल. त्याऐवजी विचारायचं : ऊन कुठल्या गालावर आहे? मघाशी कुठल्या हाताला होतं? वाहनांचा आवाज कुठून येतोय? मग तो थांबतो, मान किंचित वळवतो, काठीच्या टोकानं रस्त्याची कड शोधतो आणि स्वतःच मागे फिरतो.

हे सारं शिकून माणूस घरी जातो, आणि पाण्याचा पेला त्याच्या हातातून काढून घेतला जातो. भांडं भरत आलं की आवाज चढत जातो, हे तो शिकून आलेला असतो. मायेपोटी होतं हे मला कळतं, पण म्हणूनच कळवळून सांगतो : सांडू द्या. रस्त्यात मदत करायची असेल, तर आधी विचारा आणि दंड धरून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा. तो कोपराच्या किंचित वर धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. तुमच्या शरीराच्या हालचालीवरून त्याला पायरी कळते.

शेवटचा मुद्दा, ज्यांची दृष्टी हळूहळू जाते आहे त्यांच्यासाठी. काचबिंदू किंवा मधुमेहामुळे नजर अधू झालेली कितीतरी माणसं काठी घ्यायचं टाळतात. लोक काय म्हणतील, हे एक कारण. ‘अजून थोडं दिसतंय’ हे दुसरं. पण दुपारी दिसणारा जिना संध्याकाळी दिसत नाही, आणि पडण्याची भीती एकदा मनात बसली की शिकणं फार जड जातं. काही प्रशिक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून सुरुवात करतात, काही उरलेल्या नजरेच्या जोडीनं. कुठली पद्धत घ्यायची ते त्यांच्याशी बोलून ठरवा. दृष्टी पूर्ण जाईपर्यंत मात्र थांबू नका.