पुलाच्या अलीकडे मालकी, पलीकडे खंड

मंडळी, आजच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘सीमापार मालवाहू रेल्वे आणि गुंतवणूक’. मी तो एका कंपनीपुरता आणि खरं सांगायचं तर एका पुलापुरता आटोक्यात आणणार आहे. कंपनी आहे कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी, आणि पूल आहे रिओ ग्रान्दे नदीवरचा. नदीच्या उत्तरेला टेक्सासमधलं लॅरेडो, दक्षिणेला मेक्सिकोतलं नुएवो लॅरेडो. या पुलावरून मालगाडी न्यायची तर पूर्वी गाडी अर्ध्यात थांबायची, मेक्सिकन चालक उतरायचे आणि अमेरिकन चालक चढायचे. २०१८ साली ही अदलाबदल पुलावरून हलवून लॅरेडोच्या यार्डात नेली, तेव्हा अमेरिकन कामगार संघटनांनी बरीच आदळआपट केली. तुम्हाआम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण पूल एकपदरी होता. गाडी पुलावर जितकी मिनिटं उभी, तितकी मिनिटं मागच्या सगळ्या गाड्या खोळंबलेल्या. रेल्वेच्या धंद्यात पैसा असा मिनिटांनी गळतो.

आता तिथे शेजारी दुसरा पूल उभा राहिलाय. सुमारे दहा कोटी डॉलर लागले, आणि २०२५च्या सुरुवातीला तो वाहतुकीला खुला झाला. पॅट्रिक ऑटेन्समायर यांचं नाव त्याला दिलंय. कॅन्सस सिटी सदर्न या जुन्या कंपनीचे ते प्रमुख. पूल सुरू व्हायच्या आधीच वारले.

तर ही कंपनी कशी झाली? दोन कंपन्या होत्या. कॅनेडियन पॅसिफिक ही १८८१ची, कॅनडाला पूर्व-पश्चिम शिवणारी. तिचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रिटिश कोलंबियात क्रेगेलाकी इथे ठोकला गेला. दुसरी कॅन्सस सिटी सदर्न, आर्थर स्टिलवेल नावाच्या हौशी माणसाची. सगळे रेल्वेवाले पूर्व-पश्चिम धावत असताना हा गडी उत्तर-दक्षिण मार्ग घेऊन मेक्सिकोच्या आखाताकडे निघाला. या दोन्ही कंपन्यांचे रूळ एकमेकांना फक्त एकाच गावात भेटत होते, कॅन्सस सिटीत. म्हणून हे लग्न जमलं. दोघांचे रूळ एकाच गल्लीत समांतर असते, तर स्पर्धा मरते म्हणून नियामकाने दारातच अडवलं असतं.

जमलं तेही सुखासुखी नाही. मार्च २०२१मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने मागणी घातली. महिन्याभरात तिची सख्खी प्रतिस्पर्धी कॅनेडियन नॅशनल जास्त हुंडा घेऊन हजर: ३३.७ अब्ज डॉलर. वधूपक्षाने शब्द फिरवला. पण ऑगस्टअखेर अमेरिकेच्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने, म्हणजे तिथल्या रेल्वे-नियामकाने, नॅशनलच्या व्यवहाराची रचनाच नाकारली आणि वधू पहिल्या स्थळाकडे परतली, साधारण ३१ अब्जांना. पैसे डिसेंबर २०२१मध्ये दिले गेले. नियामकाची अंतिम परवानगी आली मार्च २०२३मध्ये. मधले पंधरा महिने कॅन्सस सिटी सदर्न एका विश्वस्ताच्या ताब्यात. म्हणजे घराचे पूर्ण पैसे दिलेत, पण किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. आपल्याकडे असं कोणी केलं तर सासरे खडसावतील. १४ एप्रिल २०२३ रोजी किल्ली मिळाली, आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको या तिन्ही देशांत स्वतःच्या एकाच जाळ्यावर गाडी नेणारी एकमेव कंपनी जन्माला आली. सुमारे ३२,००० किलोमीटर मार्ग. तरीही उत्तर अमेरिकेतल्या सहा बड्या रेल्वे कंपन्यांत ती सगळ्यात लहान.

एकच कंपनी असल्याचा फायदा काय, ते जरा समजून घेऊ. कॅनडातल्या सॅस्कॅचवानचा गहू मेक्सिकोच्या गिरणीत जायचा असेल, तर पूर्वी दोन कंपन्यांचे दोन दर, दोन वेळापत्रकं, मध्ये डबे हाताळण्याचा घोळ. कोणाच्या यार्डात माल अडकला यावर वाद. आता एक दर, एक जबाबदारी. उलट दिशेने मेक्सिकोत बनलेल्या मोटारी शिकागोकडे येतात. शिकागो आणि मेक्सिको यांच्यामध्ये कंटेनरची रोजची गाडी त्यांनी सुरू केली, आणि तिचं खरं भांडण दुसऱ्या रेल्वेशी कमी, ट्रकशी जास्त. लॅरेडोचा रस्ता ट्रकांनी तुडुंब असतो. कोकण रेल्वेवर १९९९पासून कोलाडहून वेर्ण्यापर्यंत ट्रकच्या ट्रक गाडीवर चढून जातात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ट्रकवाल्याचं डिझेल आणि टायर वाचतात, म्हणून तो रेल्वेला पैसे देतो. हिशोब तिकडेही तोच. फक्त अंतर कितीतरी मोठं आणि मध्ये दोन सीमा.

आता आकडे. रेल्वेच्या शेअरकडे बघणारा माणूस सगळ्यात आधी ऑपरेटिंग रेशो विचारतो. भाड्याचे शंभर रुपये आले, त्यातले गाडी चालवायला किती गेले? जितका कमी तितका बरा. कॅनेडियन पॅसिफिकचा हा आकडा २०११ साली ८१.३ होता. बिल अ‍ॅकमन या गुंतवणूकदाराने भागधारकांच्या मतांवर संचालक मंडळाला आव्हान दिलं आणि २०१२मध्ये हंटर हॅरिसन यांना प्रमुखपदी आणवलं. हॅरिसनसाहेबांनी यार्डं बंद केली, माणसं कमी केली, गाड्या लांब केल्या. २०१६ला आकडा ५८.६. त्यांच्यानंतर आलेले कीथ क्रील त्यांच्याच तालमीतले. विलीनीकरणानंतर आकडा पुन्हा चढला. २०२४ साली तो ६४.४ होता, आणि विलीनीकरणाचे खर्च वगळून ६१.३. त्या वर्षी उत्पन्न १४.५ अब्ज कॅनेडियन डॉलर.

त्या वर्षाच्या शेवटी शेअर शंभर कॅनेडियन डॉलरच्या थोडा वर होता आणि समायोजित कमाई, म्हणजे विलीनीकरणाचे खर्च वगैरे वगळून धरलेली, शेअरमागे ४.२५. म्हणजे कमाईच्या साधारण चोवीसपट. लाभांश वर्षाला ७६ सेंट, एक टक्क्याहून कमी. कर्ज फेडायचं होतं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं लाभांश एक पैशानेही वाढवला नव्हता. २०२५मध्ये वीस टक्क्यांनी वाढवला आणि शेअरची पुनर्खरेदीही सुरू केली. हे चिन्ह चांगलं. पण चोवीसपट भाव देणारा माणूस वाढ होणारच हे गृहीत धरून पैसे मोजतो, हे विसरू नका. आणि वाढीला अडथळे आले. ऑगस्ट २०२४मध्ये कामगार-वाटाघाटी फिसकटल्या आणि कॅनडाच्या दोन्ही बड्या रेल्वेंनी टाळेबंदी केली. शेवटी सरकारला लवादाकडे जायला लावावं लागलं. मे २०२५मध्ये दोन कंपन्यांची संगणक प्रणाली एक करताना टेक्सास-लुइझियानात गाड्या तुंबल्या, आणि नियामकाने दर आठवड्याला अहवाल मागायला सुरुवात केली. असली दुखणी वर्षा-दोन वर्षांत बरी होतात. माझी झोप त्यांनी उडत नाही.

मला विचार करायला लावतो तो पुलापलीकडचा भाग. कॅनडा-अमेरिकेत रुळांखालची जमीन बहुतेक कंपनीच्या मालकीची. मेक्सिकोत तसं नाही. तिथे रूळ सरकारचे, कंपनीला वापराची सवलत. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव सरकारचं आणि कसणारे आपण, खंडाने. आपल्याकडे कूळकायदा आला आणि कसेल त्याची जमीन झाली. मेक्सिकोत रेल्वेसाठी असा कायदा यायची शक्यता नाही. ही सवलत १९९७ची, पन्नास वर्षांची, म्हणजे २०४७पर्यंत. त्या मार्गावर जवळजवळ एकट्यानेच गाड्या चालवायचा हक्क २०२७ला संपणार होता. तो दहा वर्षांनी वाढला, २०३७पर्यंत. कसा वाढला ते ऐका. सेलाया शहरातून गाड्या जायच्या, शहराला त्रास व्हायचा. कंपनीने शहराबाहेरून वळणमार्गासाठी पैसे घालायचं कबूल केलं, त्या बदल्यात दहा वर्षं मिळाली. जमीनमालकाने कुळाला सांगावं, ‘विहिरीला बांध घालून दे, मग पुढची दहा सालं तुझीच.’

पण मालकाचा मूड बदलू शकतो. मे २०२३मध्ये मेक्सिकोच्या नौदलाने दुसऱ्या एका खासगी कंपनीच्या ताब्यातला, कोआत्साकोआल्कोस भागातला सुमारे १२० किलोमीटर मार्ग ताब्यात घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फर्मान निघालं की मालगाडीच्या रुळांवर प्रवासी गाड्याही धावाव्यात. आणखी एक गंमत. कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटीच्या मेक्सिकोतल्या जाळ्याचं पॅसिफिक किनाऱ्यावरचं महत्त्वाचं बंदर म्हणजे लाझारो कार्देनास. ज्यांचं नाव या बंदराला दिलंय, त्या राष्ट्राध्यक्षांनी १९३७ साली मेक्सिकोची रेल्वे राष्ट्रीयीकृत केली होती! खासगी कंपनीचे कंटेनर रोज त्यांच्या नावाखालून जातात.

इतिहास आपल्याला नवा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे भागधारक लंडनमध्ये बसले होते. सरकारने त्यांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ला धावली, आणि करारातच सरकारला खरेदीचा हक्क लिहून ठेवला होता. १९०० साली सरकारने तो वापरला. लंडनच्या भागधारकांचं नुकसान झालं असं नाही. पण कराराची तारीख आधीपासून डोळ्यांसमोर ठेवलेल्याला धक्का बसला नसेल, आणि नुसताच लाभांश मोजणाऱ्याला बसला असेल.

म्हणून या शेअरसाठी मी तीन तारखा भिंतीवर लावतो. १ जुलै २०२६: अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यांच्या व्यापार कराराच्या संयुक्त आढाव्याची तारीख, करारातच लिहिलेली. तिघांनी मान्य केलं तर करार सोळा वर्षांनी पुढे जातो. नाहीतर दरवर्षी पुन्हा बैठक, आणि २०३६ला करार संपतो. दुसरी तारीख २०३७, तिसरी २०४७. करार संपण्याचं वर्ष आणि एकाधिकार संपण्याचं वर्ष यांत एका वर्षाचंच अंतर आहे, हे पाहून मला मात्र थोडं चमकायला झालं. मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी दोन्ही शेजाऱ्यांवर पंचवीस टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला काही दिवसांतच सूट मिळाली. त्या सूटवर ही कंपनी तरली आहे, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरीकडे, जुलै २०२५मध्ये युनियन पॅसिफिक या बड्या अमेरिकन रेल्वेने नॉरफोक सदर्न या दुसऱ्या बड्या रेल्वेला विकत घ्यायची घोषणा केली. हा व्यवहार रेल्वे-विलीनीकरणाच्या २००१च्या कडक नियमांखाली तपासला जाणार, जिथे विलीनीकरणाने स्पर्धा वाढते हे दाखवावं लागतं. कॅन्सस सिटी सदर्न लहान म्हणून तिला त्यातून वगळलं होतं, आणि त्या फटीतूनच आपली कंपनी आत आली. ती फट आता दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. मला वाटतं, पुलाचं मोल यामुळे वाढतं.

प्रश्नोत्तरांत एक काका विचारतात, ‘तुमच्याकडे आहेत का हो हे शेअर?’ आहेत. आपल्याकडून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. त्याच्या जवळपासही मी नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात घेतले, भाव पडला तेव्हा आणखी थोडे. कॅनडा लाभांशावर तिथेच कर कापून घेतो, उरलेल्यात आपल्या दोघांचा चहा होईल. विकणार कधी, असं म्हणाल, तर दरवर्षी वार्षिक अहवाल आला की मी नफ्याचं पान नंतर उघडतो; आधी मेक्सिकोच्या सवलतीचा परिच्छेद शोधतो आणि मागच्या वर्षीच्या परिच्छेदाशी शब्द न शब्द ताडून बघतो.