उशाशी ठेवायचे गजराचे घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

गजराचे घड्याळ आपण विकत घेतो ते लख्ख उजेडात, पूर्ण जागे असताना. पण ते वापरतो अंधारात, अर्धवट झोपेत आणि बहुधा एकाच हाताने. निवडीतल्या पुष्कळशा चुका या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात, असे मला वाटते. म्हणून घड्याळ पाहण्याआधी आपली झोप कशी आहे आणि त्याच खोलीत आणखी कोण झोपते, याचा विचार करावा.

सर्वांत जास्त विचार आवाजाचा करायला हवा. जो गजर मोठा तो चांगला, ही समजूत अपुरी आहे. वय वाढते तसे उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि लहान इलेक्ट्रॉनिक घड्याळांचा ‘पीप-पीप’ आवाज बहुधा त्याच पट्टीतला असतो. त्यामुळे ज्या गजराने शेजारच्या खोलीतला नातू जागा होतो, तो उशाशी वाजत असूनही आजोबांना ऐकू येत नाही, असे घडू शकते. आगीच्या वेळी धुराची सूचना देणाऱ्या यंत्रांविषयी जे संशोधन झाले, त्यात सुमारे ३,१०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, तीक्ष्ण आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला, भरदार आवाज कमी ऐकू येणाऱ्या माणसांना झोपेतून अधिक खात्रीने उठवतो, असे आढळले. तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी घड्याळ घेताना त्याचा गजर त्यांनाच ऐकवावा, आणि तोही त्यांनी श्रवणयंत्र काढून ठेवलेले असताना. ज्यांना फारच कमी ऐकू येते त्यांच्यासाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती जोडलेली घड्याळे मिळतात. एकाला पहाटे उठायचे आहे आणि दुसऱ्याची झोप मोडायची नाही, अशा जोडप्यालाही मी हीच सुचवीन. दचकून उठण्याचा त्रास होत असेल, तर हळू सुरू होऊन वाढत जाणारा गजर घ्यावा. सेकंदकाट्याच्या टिकटिकीचीही घरी आणण्यापूर्वी परीक्षा करावी. दिवसा जाणवतही नाही असा आवाज रात्रीच्या शांततेत नकोसा होतो. टप्प्याटप्प्याने उडी न घेता सलग सरकणारा काटा असेल, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरा प्रश्न उजेडाचा. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात अशा काही पेशी असतात ज्या दृश्य दाखवण्यापेक्षा दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्याचे काम अधिक करतात, आणि त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. म्हणून निळ्या किंवा पांढऱ्या झगझगीत आकड्यांपेक्षा तांबडे, मंद आकडे झोपेला कमी बाधक ठरतात. अशा घड्याळाचा उजेड किती वाढतो याला महत्त्व नाही, तो किती कमी करता येतो ते पाहावे. मध्यरात्री जाग आल्यावर सतत वेळ पाहून ज्यांची अस्वस्थता वाढते, त्यांनी बटण दाबल्यावरच प्रकाशणारे घड्याळ निवडावे. रंगामुळे अंधारात चमकणारे काटे बहुधा काही तासांतच फिके पडतात, हेही ध्यानात असू द्यावे. घरात फार जुने, चमकत्या काट्यांचे घड्याळ असेल तर ते कधीही उघडू नये, कारण पूर्वी त्या रंगात रेडियम वापरत असत. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही.

वेळेच्या अचूकपणाची काळजी मात्र फारशी करण्याचे कारण नाही. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी साधारण १५ सेकंदांचा फरक पडतो. गजरासाठी तो नगण्य आहे. भिंतीतल्या विजेवर चालणारी अनेक घड्याळे विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या लयीवरून वेळ मोजतात. २०१८ साली युरोपातल्या वीजजाळ्याची ही लय काही आठवडे किंचित मंदावली, तेव्हा तिथली अशी घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली होती. याहून नेहमीची अडचण वीज जाण्याची. आत राखीव सेल असला, तरी काही घड्याळांत तो फक्त वेळ सांभाळतो, गजर वाजवत नाही. घड्याळ आणल्यावर पाच मिनिटांनंतरचा गजर लावून प्लग काढावा आणि काय होते ते पाहावे.

काट्यांच्या घड्याळाची एक मर्यादा बऱ्याच जणांना चुकल्यावरच कळते. त्यातला गजराचा काटा सहसा बारा तासांचाच हिशेब जाणतो. रात्री साडेआठला झोपून सकाळी नऊला उठायचे म्हणून गजर लावला, तर तो अर्ध्या तासातच वाजतो. शिवाय त्या लहान काट्याने नेमके मिनिट धरता येत नाही. पाच-दहा मिनिटांचा फरक गृहीत धरावा लागतो. कामाची पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्यांनी किंवा ज्यांना ठरलेली गाडी गाठायची असते त्यांनी आकड्यांचे, चोवीस तासांचे घड्याळच घ्यावे. रोज ठरावीक वेळी उठणाऱ्याला काट्यांचे साधे घड्याळ वर्षानुवर्षे पुरते, आणि ते लावायला शिकावेही लागत नाही.

आता बटणांविषयी. गजर थोडा वेळ थांबवणारे ‘स्नूझ’चे बटण आणि तो कायमचा बंद करणारा खटका, हे दोन्ही डोळे मिटून चाचपले असता वेगळे ओळखू आले पाहिजेत. जाग आल्यानंतर पंधरा मिनिटे ते अर्धा तास मेंदूवर झोपेची गुंगी राहते, आणि त्या अवस्थेत एक बटण समजून दुसरे दाबले जाते. ज्यांना ही सवयच आहे, त्यांनी घड्याळ उशापासून चार पावले दूर ठेवावे. मग त्याचे आकडे तेवढ्या अंतरावरून, चष्मा न लावता वाचता येतील इतके मोठे हवेत.