नांगर निशाणी

[दृश्य : लाल कापडाचा रुमाल सोडला जातो. आतून लांबलचक कागद उलगडत येतो.]

बोरूनं लिहिलेली मोडी. एकाखाली एक ताव चिकटवून लांबवलेला हातकागद. वाचत खाली यावं, तर मजकूर संपतो आणि चित्रं सुरू होतात.

हा नांगर. ही पाटलाची निशाणी. त्याच्या खाली सुताराची पटाशी, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. ज्याचं जे अवजार, तीच त्याची सही. अख्खं गाव या कागदावर साक्षीला उभं आहे.

सतराव्या-अठराव्या शतकात देशावरचा एखादा शेतकरी गेला, की त्याच्या पोरांच्या हक्काला आधार असायचा तो अशा कागदांचा आणि त्यावर निशाणी करणाऱ्या माणसांचा.

तेव्हा गावात जमीन कसणारे दोन तऱ्हेचे. एक मिरासदार, दुसरा उपरी. उपरी बाहेरून आलेला. बोलीप्रमाणे कसायचा आणि मुदत भरली की उठायचा. मिरासदाराची जमीन मात्र बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातवाकडे. कागदातले शब्दच तसे आहेत : ‘लेकराचे लेकरी’. ती विकता यायची, गहाण टाकता यायची, पण भाऊबंदांना आणि गावाला डावलून नाही. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत आला, मधल्या काळात दुसऱ्यानं तिथं पिकं काढली असली, तरी आपलं शेत मागायला तो गावापुढं उभा राहू शकत होता. वंश बुडाला, तर ती जमीन गतकुळी. मग गाव आणि पाटील मिळून ती दुसऱ्याला मिरास करून देत.

[दृश्य : बांध. बांधावरचं जुनं झाड. दूरवर औत.]

वीस पांडांचा एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. जमिनीची वाटणी या हिशेबानं व्हायची. पण वाटणी जमिनीपाशी थांबत नसे.

पाटीलकीचं वतन भावाभावांत वाटलं गेलं, की त्याच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडत. असं वाटणीपत्र समोर घेऊन बसा. होळीला पहिली पोळी कुणाची? पोळ्याला कोणाचा बैल पुढं? दसऱ्याला शमीची पूजा आधी कोण करणार? विडा कुणाच्या हातात पहिला पडणार? चांभारानं द्यायचा जोडा, तेल्यानं द्यायचं तेल, कुणाच्या घरी किती? आणि कागदावर नांगर काढायचा, तर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली? हे सगळं कलमवार लिहिलेलं असतं. आज वाचताना कुणाला ते किरकोळ वाटेल. पण ज्या घराचा बैल पोळ्याला पुढं, त्या घराला गावात जागा होती, आणि ती जागा हाही वारसा होता.

[दृश्य : पोळ्याची मिरवणूक. शिंगं रंगवलेले बैल, वेशीवरचं तोरण.]

तंटा झाला की गोतसभा बसायची. पंचक्रोशीतले पाटील-कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, गावचे बलुतेदार आणि सरकारचा अंमलदार. दोन्ही बाजूंनी आधी जामीन द्यायचे, मग करीणा मांडायचा, म्हणजे आपल्या घराण्याची हकिकत पहिल्या पिढीपासून सांगायची. साक्षी व्हायच्या. निवाडा लिहिला जायचा तो महजर. हरणारा यजितखत लिहून द्यायचा की माझा दावा खोटा. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम, घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड.

आणि साक्षीनंही उलगडा झाला नाही, तर दिव्य. रव्याचं दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा. आधी नखं कापून हात धुऊन घेत. नंतर हातावर पिशवी बांधून मोहोर करत आणि काही दिवसांनी सगळ्यांसमक्ष ती सोडत. हाताला इजा दिसली, की पिढ्यांचं वतन गेलं. काही बिघ्यांसाठी आणि एका नांगराच्या निशाणीसाठी माणसं त्या कढईपाशी उभी राहिली आहेत.

लेकीला या वाटण्यांत भावासारखा वाटा नव्हता. निपुत्रिक विधवा दत्तक घेई, आणि वतन असेल तर त्यासाठी सरकारात नजर, म्हणजे मंजुरीसाठीची रक्कम, भरावी लागे.

1818 मध्ये पेशवाई गेली. 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून इंग्रजांची नवी जमीनपाहणी सुरू झाली, शेताला नंबर आला, आकार, म्हणजे सारा, ठरला, मिरासदार आणि उपरी एका रांगेत आले. जमीन सावकाराकडं जाणं सोपं झालं. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली.

[दृश्य : माळ्यावरची पत्र्याची पेटी. वाळवीनं खाल्लेला गठ्ठा.]

हे मात्र कुणी जाळलेलं नाही. हे असंच पडून आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अशाच पेट्यांसाठी गावोगाव फिरले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते अशा कागदांच्या जिवावर. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. पण ते झालं दरबाराचं दफ्तर. साध्या कुणब्याच्या घरचं वाटणीपत्र बऱ्याचदा त्याच्याच माळ्यावर राहिलं, आणि मोडी वाचणारी पिढी गेल्यावर ते काय आहे हे सांगणारंही घरात कुणी उरलं नाही.

तुमच्या घरी असा गठ्ठा असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. घडी जोर लावून उघडू नका. कोरड्या सुती कापडात बांधून ठेवा आणि आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं राज्याच्या पुराभिलेख विभागाची कार्यालयं आहेत. तिथं चौकशी करा.