बाग आधी सातबाऱ्यावर बघा

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर. वसाहतीतली खुली जागा, पहाटेची वेळ. करंजांखालून फिरणारी माणसं. कोपऱ्यात मुरुमाचे दोन ढीग.)

खुल्या जागेवर बांधकामासाठी मुरूम पडला की वसाहत जागी होते. बैठक बसते, सह्यांची मोहीम निघते. पण तोवर जागेचा निकाल बहुतेक कागदावर लागत आलेला असतो. म्हणून फलक रंगवण्याआधी शोधायचं ते हे, की ही जागा सरकारदप्तरी नेमकी काय म्हणून नोंदलेली आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘ओपन स्पेस’ची. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ती सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापराची. पण सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव मूळ मालकाचंच राहून जातं. वीस-पंचवीस वर्षांनी वारस येतात, साठेखत होतं, पत्र्याचं कुंपण उभं राहतं. यावर उतारा म्हणजे मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत. नगररचना विभागातून ती काढा, खुल्या जागेचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये बघा आणि टेप लावून प्रत्यक्ष मोजा. तफावत निघाली तर अधिकृत मोजणीची आणि जागा ताब्यात घेऊन तशी नोंद करण्याची लेखी मागणी महापालिकेकडे करा.

गुंठेवारी वसाहतींत हा आधारच नसतो. मंजूर रेखांकनाशिवाय प्लॉट पडले, मग खुली जागा सोडणार कोण? तिथे उरतं ते विकास आराखड्यातलं उद्यानाचं किंवा क्रीडांगणाचं आरक्षण.

(दृश्य: आराखड्याच्या भाग नकाशावर हिरवा चौकोन. बोट गट क्रमांकावर थांबतं.)

नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. आरक्षित जमीन खासगी असेल आणि अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादित झाली नसेल, तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘ही जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे संपतंच. ही सूचना महापालिकेच्या आवक विभागात येते. वसाहतीला तिचा पत्ताही नसतो.

म्हणून दरवर्षी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकायचा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. आरक्षण क्रमांक आणि गट क्रमांक देऊन तीन गोष्टी मागायच्या: खरेदी सूचना आली आहे का, कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. सूचना आलेली असेल तर संपादनाच्या प्रस्तावामागे लागायचं. रोख मोबदल्याला पैसा नाही, हे उत्तर ठरलेलंच. तेव्हा मालकाला टीडीआर, म्हणजे रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जागा घेण्याचा पर्याय लेखी पुढे करायचा. मालकाचंही नुकसान होऊ नये, ही भूमिका न्याय्य आहे आणि त्यामुळे त्याचा विरोधही सौम्य होतो.

आरक्षण बदलायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना निघते. हरकतीला मुदत एक महिन्याची. इथे माणसं हमखास एक चूक करतात: एकाच मजकुराच्या शंभर प्रती काढून सह्या घेतात. त्या एकच हरकत असल्यासारख्या एका ओळीत निकाली निघतात. प्रत्येकाचा मुद्दा वेगळा हवा. कुणी परिसरात दुसरं मैदान किती मीटरवर आहे ते मांडावं, कुणी पावसाचं पाणी कुठून वाहतं ते. पोच प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

(दृश्य: वडाच्या बुंध्याला टेप. वहीत आकडा लिहिला जातो.)

झाडांची यादी आपली आपण, आधीच करून ठेवा. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा, जात लिहायची, स्थानांकासह फोटो काढायचा. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो, आणि परवानगीने झाड तोडलं तरी त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. वयाचा पुरावा नसेल तर जुना वडही कागदावर कोवळा ठरतो. सिडकोतल्या प्रियदर्शिनी उद्यानातल्या झाडांचा प्रश्न औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता; तिथवर जायची वेळ आली तर अशी यादीच हाताशी लागते. पण झाड वाचलं म्हणजे जमीन वाचली असं नाही. झाडांभोवती कुंपण घालूनही बांधकाम होतं.

हरकतींच्या सुनावणीला दोघांनीच बोलावं. हातात मंजूर रेखांकन, माहिती अधिकाराचं उत्तर, झाडांची यादी आणि पोच प्रती. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९१चा बेंगळुरूचा निकालही ठेवा: उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं न्यायालयाने तिथे अवैध ठरवलं होतं. अधिकारी तोंडी आश्वासन देतील. ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि इतिवृत्ताच्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज द्या.