टूल कशानं मरतंय ते आधी बघा

मंडळी, कूलंटचा, म्हणजे धातू कापताना टूलवर सोडायच्या द्रवाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नीट ऑइल, म्हणजे पाणी न मिसळता वापरायचं तेल, चांगलं की पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल? मी उलट विचारतो. तुमच्या टूलची धार कशानं जाते आहे, तापून की घासून? याचं उत्तर नीट शोधलंत, तर निम्मी निवड तिथंच झाली.

धातू कापायला लावलेली जवळजवळ सगळी ताकद शेवटी उष्णता होते. त्यातली बरीच चिपबरोबर, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या तुकड्यांबरोबर, निघून जाते, उरलेली टूलमध्ये आणि जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या वस्तूत, शिरते. ती उचलून नेण्यात पाण्याला तोड नाही. एक किलो पाणी एक अंशानं तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल घेतं, तेल साधारण २ किलोज्यूलमध्येच तेवढं तापतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी टूलच्या टोकाशी पाण्याची जाड धार सोडून पाहिली, तर कटिंग स्पीड ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता आला! गंज येऊ नये म्हणून त्या पाण्यात सोडा घालत. टर्निंग, ड्रिलिंग, बहुतेक ग्राइंडिंग, म्हणजे जिथं वेग जास्त आणि उष्णता हाच शत्रू, तिथं पाण्यातलंच कूलंट घ्या.

आता टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं टूल, डोळ्यांसमोर आणा. वेग कमी, उष्णताही बेताची. पण दात चहूबाजूंनी धातूत रुतलेले, चिपला सुटायला जागा नाही. तिथं धातू दातांना चिकटतो, आटे फाटतात आणि टॅप तुटतो. स्टेनलेसमध्ये एम-८ (८ मिमी व्यासाचे) आटे पाडताना माझे एका दिवसात चार टॅप तुटले होते. मी कूलंटची धार वाढवत बसलो, आणि चूक तीच होती. तिथं थंडावा कमी पडत नव्हता, वंगण कमी पडत होतं. गंधकाचे घटक असलेलं कटिंग ऑइल त्या दाबाखाली आणि तापमानात पोलादाशी रासायनिक क्रिया करतं आणि पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतं. तो थर धातूला धातू चिकटू देत नाही. ब्रोचिंग (दातेरी टूल ओढून कापणं), गिअर हॉबिंग (गिअरचे दाते पाडणं), गन ड्रिलिंग (खोल भोक पाडणं) या कामांत तेल टिकून आहे ते याच कारणानं. मात्र सक्रिय गंधकाचं तेल तांब्या-पितळेवर वापरू नका, जॉब काळा पडतो.

कधी कधी उत्तर ‘दोन्ही नको’ असंही असतं. कार्बाइड कटरनं पोलादाचं मिलिंग, म्हणजे फिरत्या दातेरी कटरनं कापणं, चालू असताना प्रत्येक दात कापताना तापतो आणि बाहेर आल्यावर कूलंटखाली एकदम थंड होतो. या तापण्या-थंडावण्यानं धारेला आडव्या बारीक भेगा पडतात. तिथं कूलंट बंद करून नुसती हवा मारलीत, तर इन्सर्ट (कटरला बसवलेला कार्बाइडचा बदलता तुकडा) अनेकदा जास्त टिकतो.

पाण्यातलं कूलंट निवडलंत तर एक लक्षात घ्या: त्याची रोज काळजी घ्यावी लागते. हे मी कळकळीनं सांगतो, कारण दोष कूलंटला दिला जातो आणि खरी हयगय टाकीत झालेली असते. मिश्रण करताना नेहमी पाण्यात तेल ओता. तेलात पाणी ओतलंत तर इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) उलटं बनतं, गुठळ्या होतात. रोज रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रण किती दाट ते दाखवणारं उपकरण) लावा आणि आकड्याला तुमच्या कूलंटच्या गुणांकानं गुणायला विसरू नका. साधारण कामाला ५ ते ८ टक्के पुरतं. टाकीतून उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून पाणी कठीण असेल तर त्रास दर आठवड्याला वाढत जातो. पीएच ९ च्या आसपास हवा. तो घसरत चालला तर समजा, जिवाणू वाढले. बेडवेचं, म्हणजे मशीनच्या सरकपट्ट्यांचं, तेल टाकीत वर तरंगतं आणि हवा अडवतं, त्याखाली हवेशिवाय जगणारे जिवाणू पोसले जातात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी येणारा सडका वास त्यांचाच. आधी स्किमर (वर तरंगणारं तेल काढायचं साधन) लावून ते तेल काढा, जिवाणू मारायचं औषध नंतर. ऑपरेटरच्या हातांना खाज येते, कातडी फुटते, त्याकडेही बघा. मिश्रण जास्त दाट ठेवल्यानंही हे होतं.

तेलाचेही धोके आहेतच: धूर, तेलाचे बारीक तुषार, निसरडी जमीन. बंदिस्त सीएनसीमध्ये तेल घालून जोरात कटिंग चालू असेल, तर आग विझवण्याची सोय मशीनवरच हवी. मॅग्नेशियमचं काम असेल तर पाण्यातलं कूलंट वापरताना आणखी जपा. त्याच्या बारीक चिप पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडतात.

शेवटचं, तेल सोडून पाण्याकडे जाण्याआधी मशीनचं मॅन्युअल उघडा. काही जुन्या ऑटोमॅट (आपोआप चालणाऱ्या लेथ) मशीनमध्ये कटिंग ऑइल आणि आतल्या भागांचं वंगण एकमेकांत मिसळतं. तिथं पाणी घातलंत तर ते बेअरिंगपर्यंत पोहोचतं. अशा मशीनला तेलच.