सीझन संपला, आता पोरांना सुट्टी द्या की ओ

(सांगलीत पोहणारी मुलं आणि त्यांच्या पालकांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून.)

माईक जरा खाली घ्या, हां, बास. विषय दिलाय ऑफ-सीझनची विश्रांती, पण खरं सांगू का, पोरांना हे ऐकवायची गरजच नाही, ती कधीही तयार असतात. हे सगळं मागं बसलेल्या आई-वडिलांसाठी आहे.

आधी हिशोब करू. चौदा वर्षांचं पोरगं एका सेशनला 4 किलोमीटर पोहलं, तर 25 मीटरच्या टँकात 160 लॅप झाले. लॅपला 18 हात धरा, 2880 होतात, त्यातले निम्मे एका खांद्याचे, म्हणजे 1440. आठवड्याला 6 सेशन, वर्षाला 50 आठवडे, एकेका खांद्याला चार लाखांच्या वर फेऱ्या गेल्या की! आणि खांद्याची खोबणी असते उथळ, सांधा जागेवर धरून ठेवायचं बरंचसं काम बारक्या स्नायूंचं, रोटेटर कफ म्हणतात ते. ते दमले की सांधा नीट धरला जात नाही, स्नायू हाडाला जोडणाऱ्या आतल्या दोऱ्या, टेंडन म्हणतात त्या, चेपायला-घासायला लागतात, मग पोरगं म्हणतंय हात वर नेला की टोचतंय, आणि आपण म्हणतो नाटकं करतोय, चल पाण्यात. सुट्टी आपण दिली नाही तर खांदा स्वतःच घेतो, आणि त्याला आपलं कॅलेंडर माहीत नसतं, स्टेटच्या, म्हणजे राज्य स्पर्धेच्या, आदल्या आठवड्यात पण घेईल.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न, सर, पाण्याची पकड जाते ना? जाते. दोन आठवड्यांत रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, कमी होतो, त्याच स्पीडला ठोके जास्त पडतात, पहिले काही दिवस हाताला पाणीच लागत नाही. पण हे परत येतं, काही आठवड्यांत येतं, वर्षानुवर्षं बसवलेला स्ट्रोक काय तीन आठवड्यांत पुसत नाही. दोन महिने नुसतं लोळलं तर मात्र अवघड आहे, ते मी सांगतच नाहीये.

तुमच्यातले तासगावकडचे बरेच जण द्राक्षवाले आहेत. माल उतरला की लगेच दुसऱ्या दिवशी खरड छाटणी घेता का? नाही ना, वेलीला विश्रांती देता, आणि त्या दिवसांत बाग वाया चालली असं कोण म्हणत नाही.

मग कोणतरी अमेरिकेचा पोहणारा मायकेल फेल्प्स काढतंच. तो वर्षाचे 365 दिवस पोहायचा, रविवारी पण, खरं आहे. पण 2008 च्या बीजिंगनंतर तो काही महिने पाण्यापासून लांबच होता, 2012 ला तर सोडूनच दिलं, 2014 ला परत आला आणि 2016 ला रिओत पाच गोल्ड घेतली. ऑलिंपिकनंतर डिप्रेशन यायचं हे पण तो स्वतः उघड बोललाय, ते आपण सोयीनं विसरतो. आणि अमेरिकेचाच केलेब ड्रेसेल बघा, 2022 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप अर्ध्यात सोडली, कित्येक महिने टँकाकडं फिरकला नाही, 2023 ला अमेरिकेच्या टीममध्ये पण बसला नाही, आणि 2024 ला पॅरिसमध्ये रिलेचं गोल्ड. याला ऑफ-सीझन म्हणत नाहीत बरं का, वेळेवर ब्रेक मिळाला नाही की असा मोठा घ्यावा लागतो असं माझं मत.

आपल्या पोरांसाठी साधं ठेवू. वर्षातली सगळ्यात मोठी मीट, म्हणजे स्पर्धा, झाली की दोन ते तीन आठवडे. पहिला आठवडा टँक बंद, क्लोरीनपासून डोळ्यांना, कातडीला पण आराम. मग बॅडमिंटन खेळा, सायकल मारा, दंडोबाच्या डोंगरावर चढून या, रबर बँडचे हलके व्यायाम चालू ठेवा, आणि झोप, सकाळी पाचचा अलार्म बंद म्हणजे बंद. कृष्णेत उड्या मारायला मात्र जाऊ नका, पावसाळ्यात ओढ असते आणि मगरी आहेत, सांगलीकरांना काय सांगायचं.

परत आल्यावर पहिला आठवडा निम्मंच अंतर, हाताला लावायचं पॅडल नाही, टाइम लावायचा नाही. आणि गॅलरीत मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसणाऱ्या बाबांनी त्या आठवड्यात गेटवर सोडून घरी जायचं, आत यायचं नाही.

हां, विचारा ताई. खाणं? तेवढंच ठेवलं तरी चालतंय, पोरगं वाढीच्या वयात आहे, किलोभर वजन वाढलं म्हणून भाकरी मोजू नका.